नऊशे सतरा अलार्म

रंगाच्या कारखान्यातली पहिली लाइन पांढऱ्या रंगाची. एका टोकाला दोन मजली उंच टाकी, टाकीत रंग ढवळणारा मिक्सर, टाकीखालून निघालेला पाइप, पाइपाच्या तोंडाशी एकामागून एक सरकत येणारे रिकामे डबे, पुढे झाकण दाबणारं यंत्र, आणि या सगळ्याच्या मधोमध

▪ दिवा क्रमांक दोन चालू. [ओके]

मधोमध एका स्टुलावर ओकेभाऊ. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर

▪ दिवा क्रमांक दोन बंद. [ओके]

हजेरीपटावर असेलच, पण गेल्या बारा वर्षांत त्या नावाने त्यांना कुणी हाक मारली नव्हती. त्यांच्यासमोर ताटाएवढी स्क्रीन. स्क्रीनवर अलार्म आला की हूटर ‘पीं’ करायचा आणि भाऊंचं उजव्या हाताचं पहिलं बोट

▪ डब्यांमधलं अंतर कमी. [ओके]
▪ डब्यांमधलं अंतर ठीक. [ओके]

आपणहून कोपऱ्यातल्या बटणावर पडायचं. न बघता. झोपेत माणूस कानाशी आलेला डास मारतो, तसं. हूटर गप्प, अलार्म गायब, भाऊ मोकळे. पुढचं ‘पीं’ होईपर्यंत.

त्या शेडमध्ये कुणाचंच वाक्य पुरं व्हायचं नाही. ‘पीं’ झालं की बोलणारा अर्ध्यावर थांबायचा, भाऊंचं बोट पडलं की उरलेलं बोलायचा. भांडणसुद्धा असं हप्त्याहप्त्याने चालायचं, त्यामुळे ते कधी रंगायचं नाही. बाहेरून आलेल्या माणसाला वाटायचं, इथले लोक फार विचार करून बोलतात.

मग व्हायचं तेच झालं. एका मंगळवारी मिक्सरची मोटर तापून बंद पडली. स्क्रीनवर तसं आलं. भाऊंनी ओके केलं. पुढचे दोन तास न ढवळलेला रंग डब्यांत भरत राहिला. काही डब्यांत मलमासारखा गोळा, बाकीच्यांत नुसतं पांढुरकं पाणी. सोळाशे डबे गिऱ्हाइकांकडून परत आले. एका गृहस्थांनी तर फोनच केला. म्हणाले, “तीन हात मारले. भिंत पांढरी झाली नाही, नुसती ओली झाली.”

*

कारखान्याचे मुख्य साहेब माणूस वाईट नव्हते. चार वर्षांपूर्वी आले तेव्हापासून त्यांनी एक शिस्त लावली होती: एका चुकीला एक नाव. काही बिघडलं की एक छापील अहवाल भरायचा. त्यात ‘कारण’ असा रकाना, आणि त्या रकान्यात एकच नाव. दोन चालत नाहीत. साहेबांचं म्हणणं असं की, दोन नावं लिहिली की चूक दोघांच्या मध्ये पडून राहते आणि दोघेही तिच्यावरून चालत जातात.

त्यांनी वायरताईला बोलावलं.

वायरताई म्हणजे कारखान्यातली सोळा कंट्रोल पॅनेल, दोनशेच्यावर सेन्सर आणि त्या सगळ्यांना चालवणारे प्रोग्राम सांभाळणारी बाई. बारा वर्षांपूर्वी खांद्यावर वायरचं भेंडोळं टाकून ती पहिल्यांदा शेडमध्ये शिरली, तेव्हा पडलेलं नाव. आता तिला केबिन होती, भेंडोळं कपाटात होतं, नाव तेच राहिलं.

“मॅडम, अलार्म आला होता का?” साहेबांनी विचारलं.

“आला होता.”

“त्यांनी ओके केलं?”

“केलं.”

“मग लिहून टाका त्यांचं नाव. एक तारखेपासून त्यांना रिकाम्या डब्यांच्या गोदामात टाकू. तिथे काही बिघडण्यासारखं नाही.”

गोदाम म्हणजे कारखान्याच्या मागच्या अंगाला असलेली लांबलचक खोली. तिथे यंत्र नाही, हूटर नाही, माणूसही नाही. छतापर्यंत डबेच डबे. भाऊंची नोकरीची पाच वर्षं उरली होती.

वायरताई अहवाल घेऊन केबिनमध्ये आली. सहीपुरतं पेन उघडलं. आणि सहज म्हणून तिने त्या मंगळवारच्या पाळीतल्या सगळ्या अलार्मची यादी छापायला टाकली. छपाईयंत्र चालू झालं ते थांबेना. कागद संपला. तिने कागद घातला. पुन्हा संपला.

एका पाळीत नऊशे सतरा.

मिक्सर बंद पडल्याचा होता सहाशे दोनावा. त्याच्या आधी ‘दिवा क्रमांक दोन चालू’, त्याच्यानंतर ‘दिवा क्रमांक दोन बंद’. कापसाच्या गोदामात सुई टाकावी आणि वर पहारेकऱ्याला विचारावं, दिसली कशी नाही, तसा प्रकार.

आणि ही यादी कुणी लिहिली होती, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिची पहिली नोकरी, पहिली लाइन, पहिला प्रोग्राम. जे जे हलतं, पेटतं, उघडतं, मिटतं, त्या सगळ्याला तिने अलार्म लावून टाकला होता. न जाणो, काही राहून गेलं आणि आपल्याला बोल लागला तर. तो बोल तिला लागला नाही. बारा वर्षांनी दुसऱ्याच्या माथी आला.

ती परत साहेबांकडे गेली. सांगायचं होतं एक, तोंडातून निघालं दुसरंच.

“साहेब, मला पुढच्या शुक्रवारपर्यंत वेळ द्या. अलार्मची यादी दुरुस्त करते. मग भाऊंना तपासा. त्यानंतर अहवाल भरू.”

साहेबांनी कॅलेंडरकडे पाहिलं. “लाइन बंद राहणार नाही ना?”

“नाही.”

“मग शुक्रवार. मी स्वतः येतो.”

*

घरी तिच्या सासूबाई दिवसभर बोलत असत. कुणाशी असं नाही, घराशी. खिडकी उघडी राहिलीय, पाणी तापलंय, पिशवी कुणी इथे ठेवली, वारा सुटला, वारा पडला. तिचा नवरा लॅपटॉपमध्ये डोकं घालून दर अर्ध्या मिनिटाने “हो” म्हणायचा. आईने काय सांगितलं ते विचारलं तर म्हणायचा, “कधी?”

त्या संध्याकाळी वायरताई भाजी चिरता चिरता हे ऐकत होती आणि तिच्या लक्षात आलं, आपल्याही घरी एक ओकेभाऊ आहे.

इतक्यात सासूबाई त्याच आवाजात, एक पट्टीही न चढवता, म्हणाल्या, “दूध उतू चाललंय.”

नवरा लॅपटॉप बाजूला टाकून स्वयंपाकघरात हजर.

“हे बरं ऐकू आलं तुला,” ती म्हणाली.

“अगं, उठावं लागतं ना त्याला.” त्याने गॅस बंद केला आणि जसा आला तसा गेला. बाहेरून सासूबाईंचा आवाज: कपबशी फडताळात उलटी ठेवलीय. नवरा: हो.

तिने सुरी खाली ठेवली आणि बिलाच्या पाठीमागे लिहिलं: ज्याला उठावं लागत नाही, तो अलार्म नाही.

*

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तिने यादी भाऊंच्या स्टुलापाशी नेली. एका अलार्मचे किती का फेरे होईनात, प्रकार मोजले तर तीनशे चाळीस निघाले. झाकणाच्या यंत्रावर काम करणाऱ्या मावशीही डबा घेऊन तिथेच येऊन बसल्या. मावशी वयाने भाऊंपेक्षा मोठ्या, आणि बाकी सगळ्यांपेक्षाही मोठ्या असल्यासारख्या बोलायच्या.

“दिवा क्रमांक दोन चालू,” वायरताईने वाचलं. “हा आला की तुम्ही काय करता, भाऊ?”

“ओके करतो.”

“आणि मग?”

“मग तो बंद होतो. तेव्हा परत करतो.”

“पण आहे कुठे हा दिवा?”

भाऊंनी मावशींकडे पाहिलं. मावशींनी छताकडे पाहिलं. “तो होय. तो काढला की. पत्रे बदलले ना, तेव्हा.”

“म्हणजे सात वर्षं झाली,” वायरताई म्हणाली. दिवा गेला होता, पॅनेलमधला त्याचा खटका मात्र इमानेइतबारे खटखटत होता.

“सात वर्षं मी नसलेल्या दिव्याला ओके म्हणतोय,” भाऊ म्हणाले. “एवढं देवाला म्हटलं असतं तर पावला असता.”

“तुला? नाव विचारून परत गेला असता,” मावशी म्हणाल्या.

दिवा कापला. डब्यांमधलं अंतर कापलं, ते यंत्र आपलं आपण सुधारायचं. मोटर सुरू झाली, मोटर सुरू आहे, मोटर अजून सुरू आहे, हे तिन्ही कापले. मंगळवारी दुपारपर्यंत तीनशे चाळीसचे अठ्ठ्याऐंशी झाले, बुधवारी एकेचाळीस. प्रत्येकाला एकच प्रश्न: हा आला की उठायचं का? नाही म्हटलं की लाल रेघ.

“ही एवढी यादी केली तरी कुणी होती?” मावशींनी मध्येच विचारलं. “भेटला ना मला, तर कान उपटीन.”

वायरताईने पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

“अहो, नवीन असेल कुणी,” भाऊ म्हणाले. “घाबरलेला असेल बिचारा. नवीन माणूस सगळंच सांगत बसतो.”

तिने पुढची ओळ वाचली: “झाकण पुरवठा: पातळी कमी.”

“हे काय बोलणं झालं?” मावशी म्हणाल्या. “ग्रामसभेची नोटीस लावल्यासारखं.”

“मग कसं म्हणू?”

“आणि मला कशाला सांगायचं? मी तिथेच उभी असते. डोळे आहेत मला.”

“तुम्ही जेवायला आल्यावर?”

मावशींनी घास थांबवला. विचार केला. “तेव्हा याला सांग.”

असे एकेचाळीस अलार्म नव्याने लिहिले गेले. ती विचारायची, हे तुम्ही शेजारच्या माणसाला कसं सांगाल, आणि ते सांगतील ते टिपून घ्यायची. मग मिक्सरची ओळ आली.

“हा तुम्हीच सांगा, भाऊ. जोरात लिहू? लाल अक्षरात?”

“नको. ओरडलं की माणूस आधी ओरडणाऱ्याकडे बघतो.” भाऊंनी हाताचे पंजे गुडघ्यांवर ठेवले. “हळू सांगायचं. थोडक्यात.”

गुरुवारी संध्याकाळी तिने सगळं प्रोग्राममध्ये भरलं.

▪ मावशी जेवतायत. झाकणं तू घाल.
▪ डबा आडवा पडलाय. हात घालू नको, आधी पट्टा थांबव.
▪ हवेचा दाब उतरतोय. कॉम्प्रेसरवाल्याला उठव.
▪ मिक्सर थांबलाय. भरणं बंद कर. मग बाकीचं.

*

शुक्रवारी दहा वाजता साहेब हात मागे बांधून लाइनपाशी उभे राहिले. भाऊ नवीन शर्ट घालून आले होते. लाइन सुरू झाली.

▪

काही नाही. स्क्रीन कोरी.

दहा मिनिटं झाली. डबे येत होते, भरत होते, जात होते. पलीकडे डबे खोक्यात भरणाऱ्या दोघांपैकी एकाचं वाक्य शेवटपर्यंत गेलं आणि तो दचकून थांबला. पुढे काय बोलायचं ते त्याने ठरवलंच नव्हतं. मावशींनी त्यांच्या गुडघ्याची हकीकत सुरू केली आणि बारा वर्षांत पहिल्यांदा ती डॉक्टरपर्यंत पोचली.

भाऊंना मात्र घाम फुटला होता.

“ताई, हा बंद पडलाय का?”

“नाही. चालू आहे.”

“काही बोलत नाहीये.”

“बोलण्यासारखं काही झालं नाही म्हणून.”

“असं कसं,” भाऊ पुटपुटले.

रेल्वेलाइनीशेजारी आयुष्य काढलेल्या माणसाला गाडी आली नाही की जाग येते, तसं त्यांचं झालं. विसाव्या मिनिटाला त्यांनी स्क्रीन बाहीने पुसली. पंचविसाव्या मिनिटाला त्यांचं बोट कोपऱ्याकडे गेलं आणि त्यांनी रिकाम्या स्क्रीनवर एकदा ओके दाबलं. जरा बरं वाटलं असावं. मग पुन्हा दाबलं. मग बोटाने आपली जुनी चाल धरली: अर्धं मिनिट, टक. अर्धं मिनिट, टक. वायरताईला ते दिसत होतं आणि साहेबांसमोर काही बोलता येत नव्हतं.

साहेबांनी आधीच एका इलेक्ट्रिशियनला सांगून ठेवलं होतं: साडेदहानंतर कधीतरी, कुणाला न कळवता, मिक्सरचा स्विच पाड. हे तिला नंतर कळलं. त्याने पाडला तो नेमका कधी, तर भाऊंचं बोट काचेपासून एका नखावर असताना.

‘पीं’सुद्धा पुरं वाजलं नाही. नुसता ‘प’ झाला. स्क्रीनवर दोन ओळी उमटल्या, बोट पडलं, ओळी पुसल्या गेल्या.

ओके केलं की मजकूर निघून जातो, हा बारा वर्षांपूर्वीचा नियम वायरताईनेच घातलेला, आणि या आठवड्यात तो बदलायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. शब्द सगळे बदलले, बटण तसंच ठेवलं.

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. पाइपाच्या तोंडाखाली एक डबा भरला. दुसरा भरला. त्यामागून आणखी काही.

भाऊंचा हात अजून हवेतच होता. ते आपल्या बोटाकडे असे बघत होते की जणू ते दुसऱ्याच कुणाचं असावं. मग त्यांनी डाव्या हाताने लाइन थांबवायचं मोठं लाल बटण दाबलं.

पट्टा थांबला. पंप थांबला.

“का थांबवलं?” साहेबांनी विचारलं.

“काहीतरी आलं होतं.”

“काय आलं होतं?”

भाऊंनी उजवा हात खाली घेतला. “वाचलं नाही, साहेब. बोट आधी पोचलं.”

“मग थांबवलं कशाला?”

“एकेचाळीसच आहेत ना,” भाऊ म्हणाले. “एकातही बसून राहा असं लिहिलेलं नाही.” आणि ते स्टुलावरून उठून टाकीकडे चालू लागले. शिडी चढले, टाकीच्या पत्र्याला हात लावला, थरथर नव्हती, वरूनच म्हणाले, “मिक्सर. मिक्सर थांबलाय, ताई.”

अकरा डबे बाजूला काढावे लागले. अकराच.

*

साहेबांनी खिशातून तो अहवाल काढला आणि मावशींच्या झाकणांच्या खोक्यावर पसरला.

“आज त्यांनी परत न वाचता ओके केलंच,” ते म्हणाले. “आता सांगा मॅडम, कारणाच्या रकान्यात काय लिहू?”

भाऊ शिडीवरून उतरत होते. मावशी उगाच झाकणं सारखी करत होत्या. हूटर गप्प असल्यामुळे सगळ्यांना सगळं ऐकू जाणार होतं. मध्ये थांबायला, विचार करायला आता ‘पीं’ची सोय नव्हती.

“माझं नाव लिहा,” वायरताई म्हणाली.

“तुमचं काय म्हणून?”

“ती यादी मी केली होती. पहिल्या वर्षी. मला भीती वाटत होती काही राहून जाईल, म्हणून सगळंच घातलं. त्या मंगळवारी भाऊंना नऊशे सतरा अलार्म आले, साहेब. मिनिटाला दोन. त्यातला खरा एक. मला हे तुम्ही अहवाल दिलात त्याच दिवशी कळलं होतं, आणि तेव्हा मी तुम्हाला सांगितलं नाही.”

मावशींचे हात थांबले. त्यांनी वायरताईच्या कानाकडे एकदा पाहिलं, पण जागच्या हलल्या नाहीत.

“आणि आजचं?” साहेब म्हणाले.

“आजचंही माझंच. ओके केलं की मजकूर पुसला जातो, ते मी तसंच ठेवलं.”

“बोट माझं होतं,” भाऊ मागून म्हणाले.

“भाऊ, तुम्ही थांबा.”

“का थांबू? बोट तुमचं होतं का?”

साहेबांनी पेन उचलून धरलं होतं, ते तसंच राहिलं. “एका चुकीला एक नाव. दोन लिहिता येत नाहीत. आणि मॅडम, तुमचं लिहिलं तर गोदामात तुम्हाला पाठवावं लागेल. सोळा पॅनेल कोण बघणार?”

“म्हणजे पॅनेल येत असेल तर गोदाम नाही,” मावशी झाकणांना म्हणाल्या.

झाकणांना म्हटलेलं होतं, पण साहेबांना लागलं. मग त्यांनी यादीचा गठ्ठा मागवला, शेवटचं पान काढलं, तिथला आकडा बघितला आणि रकान्यात लिहिलं: नऊशे सतरा.

चार वर्षांत त्या रकान्यात माणसाचं नाव नसलेला तो पहिला अहवाल. खाली त्यांनी दोन ओळी वाढवल्या. पांढऱ्या लाइनवर माणूस आहे तोच राहील. बिघाड निस्तरल्याशिवाय स्क्रीनवरून मजकूर जाणार नाही, कुणी कितीही ओके करो.

“आणि बाकीच्या पाच लाइनी?” त्यांनी पेन खिशाला लावत विचारलं.

“त्यांच्याही याद्या मीच केल्यात,” वायरताई म्हणाली.

“मग बसा त्यांच्याबरोबरही.”

साहेब गेल्यावर भाऊ तिच्याजवळ आले. काहीतरी बोलायचं होतं त्यांना. हूटर नव्हता, कुणी अडवत नव्हतं, तरी शब्द जुळेनात. शेवटी म्हणाले, “जेवलात का?”

“अकरा वाजलेत, भाऊ.”

“हो की,” भाऊ म्हणाले आणि स्टुलावर जाऊन बसले. मावशींनी त्यांना गुडघ्याची पुढची हकीकत सांगायला घेतली. त्यातून सुटायची सोय राहिली नव्हती.

*

दुसरी लाइन लेबलांची. तिथला माणूस शेडमध्ये ‘मौनीबुवा’ म्हणून ओळखला जायचा. वर्षाकाठी तो फार तर पानभर बोलत असेल. सोमवारी वायरताई दोनशे साठ अलार्मची यादी घेऊन त्याच्यासमोर बसली. त्याने पेन घेतलं आणि तिने प्रश्न विचारायच्या आत एकामागून एक लाल रेघा मारत सुटला. वीस मिनिटांत नऊ उरले.

“लेबलं संपली की शेजारच्याला कसं सांगाल?” तिने विचारलं.

त्याने बराच विचार केला.

“संपली,” तो म्हणाला.

“एवढंच?”

“ती चिकटायची थांबली, तर ‘चिकटेना’ लिहा.” मग आपण जरा जास्तच बोललो असं वाटून तो खाली बघू लागला.

वायरताईने दोन्ही शब्द लिहून घेतले आणि यादीतल्या तिसऱ्या अलार्मवर बोट ठेवलं.